मिठाच्या धुक्यातले तास

त्या वर्षी आमच्या घरी डाळ शिजत नव्हती. दुष्काळाचं हे दुसरं वर्ष. मुकुंदवाडीत आम्ही भाड्यानं राहत होतो तिथल्या बोअरचं पाणी इतकं जड झालं होतं की तूरडाळ कुकरमध्ये सात-आठ शिट्ट्या घेऊनही तळाशी खड्यांसारखी बसायची आणि वर पिवळं पाणी तरंगायचं. आई ते पाणी ताटात ओतायची आणि म्हणायची, "हे घ्या वरण. डाळ उद्या शिजंल." ती विनोद करायची तेव्हा तिच्या तोंडावरची सुरकुतीही हलायची नाही. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, त्याच पाण्यानं मुतखडा झाला असं डॉक्टर म्हणाले. पाण्यानंच झाला की आणखी कशानं, कोण जाणे. पण हलकं पाणी भरपूर प्यायला द्या, एवढं त्यांनी बजावलं होतं. सोयगाव तालुक्यातल्या गावची विहीर आटली म्हणून आम्ही शहरात आलो, अण्णा नव्या इमारतींवर गवंडीकाम करू लागले, आणि शहरात टँकर आठवड्यातून एकदा. सगळीकडं इमारती उठत होत्या. सिमेंट भिजवायला पाणी मिळत होतं, माणसाला मिळत नव्हतं. अण्णा कमरेला टॉवेल आवळून बाजेवर मुटकुळं करून पडायचे. कळ आली की ओरडायचे नाहीत, फक्त पायाच्या अंगठ्यानं बाजेची दोरी ओढत राहायचे. ती दोरी करकरायची. तो आवाज मी भिंतीकडं तोंड करून ऐकायचे.

मी तेव्हा नुकतीच बी.एस्सी. झाले होते आणि चिकलठाण्याच्या बाजूला एका छोट्या कारखान्यात प्रयोगशाळेत लागले होते. प्रयोगशाळा म्हणजे शेडमध्ये लोखंडी जिन्यानं वर चढून गेलं की एक पत्र्याची खोली. खाली आठ लेथ मशीन आणि वीस-बावीस पुरुष. वर मी एकटी. त्या कारखान्यात स्टेनलेस स्टीलचे पिन आणि बोल्ट बनायचे, आणि त्यातले बरेचसे कोकणात मच्छीमारांच्या होड्या बांधणाऱ्या एका कारखानदाराकडं जायचे. सुकाणू ज्या पिनांवर फिरतं, ते पिन. आमच्यापैकी कुणीही समुद्र पाहिलेला नव्हता. मालक जोशीसाहेब एकदा मुंबईला गेले होते, पण कामातून चौपाटीवर जायला सवड झाली नाही असं ते स्वतःच सांगायचे. जिथं प्यायला पाणी नाही अशा गावात बसून आम्ही समुद्रात बुडालेल्या लोखंडाची काळजी करत होतो.

ती काळजी करायचं माझं साधन म्हणजे एक पेटी. आतून रबर लावलेली, माणूस बसेल एवढी. तिच्यात घासून वाळवलेले पिन दोऱ्यानं टांगायचे आणि मिठाच्या पाण्याचं बारीक धुकं चार दिवस, चोवीस तास, अखंड सोडायचं. चांगलं स्टेनलेस असेल तर चार दिवसांनी पिन धुतला की पहिल्यासारखा चमकतो. पोलादात भेसळ असेल तर तांबूस ठिपके उठतात. धुकं बनवायला मीठ शुद्ध लागतं आणि पाणीही शुद्ध. बोअरचं पाणी घातलं तर नळीचं तोंडच चुन्यानं बुजतं. म्हणून कोपऱ्यात पाणी उकळून वाफ थंड करणारं एक काचेचं यंत्र होतं. त्यातून थेंब थेंब जे पडायचं त्याला कामगार बॅटरीचं पाणी म्हणायचे. टँकरच्या पाण्यातूनच ते बनवायचं, त्यामुळं जोशीसाहेबांनी मला दिवसाला एक मोठा कॅन एवढीच मुभा दिली होती. तो कॅन पेटीला जेमतेम पुरायचा.

पहिल्या वेळी मी फक्त एक बाटली नेली. अण्णांना प्यायला. आईनं उरलेल्या अर्ध्या पाण्यात डाळ टाकली आणि तीन शिट्ट्यांत कुकर उतरवला. डाळ लोण्यासारखी झाली होती. आईनं पळीनं ती ढवळली, परत ढवळली, मग माझ्याकडं बघून म्हणाली, "वंदे, हे कुठलं पाणी गं?" मी म्हटलं, कंपनीतलं. "लई चांगली कंपनी हाय तुझी," ती म्हणाली. त्या दिवशी अण्णा उठून भिंतीला टेकून बसले आणि वरणात भाकरी कुस्करून दोनदा घेतली. मला ते दृश्य अजून दिसतं, त्यांच्या मिशीला लागलेल्या पिवळ्या थेंबासकट. पुढच्या आठवड्यापासून मी पाच लिटरचा डबा कापडी पिशवीत घालून न्यायला लागले. वर जेवणाचा डबा, खाली पाणी. वॉचमन विचारायचा, "मॅडम, डबा लई जड दिसतोय आज," आणि मी म्हणायची, घरी माणसं आहेत. खोटं नव्हतं.

अर्धं पाणी घरी गेलं की पेटीला अर्धंच उरायचं. मग मी दुपारी धुकं उडवणाऱ्या हवेचा कॉक बंद करायची. पेटी बंद असली की वरच्या खोलीत विचित्र शांतता व्हायची. धुक्याचा तो फसफस आवाज माझी एकुलती सोबत होता. वहीत मात्र मी तास पूर्ण लिहायची. चार दिवस, अखंड, खाली सही. माझं अक्षर चांगलं होतं. ते आठवलं की अजून हात थबकतो. इतक्या सुंदर अक्षरात मी ते लिहिलं.

खाली लेथवर रशीदचाचा होते. त्या शेडमध्ये माझ्याशी माणसासारखं बोलणारा एकच माणूस. बाकीचे मला लॅबवाली म्हणायचे आणि मी जिना उतरले की आवाज खाली करायचे. चाचा पन्नाशीचे, दाढी मेंदीनं तांबडी, कानात कापसाचे बोळे. तरी लेथच्या आवाजानं कान निकामी होत चाललेच होते, म्हणून ते मोठ्यानं बोलायचे. पिनांसाठी पोलादाचे गज आले की ते उतरवून घेणं, पुरवठादाराच्या कागदावरून टोकाला रंग लावणं आणि रचून ठेवणं ही त्यांची जबाबदारी. साध्या स्टेनलेसला हिरवा. दुसऱ्या एका जातीला पिवळा. तिच्यात मुद्दाम गंधक घातलेलं असतं. गंधकानं पोलाद लेथवर लोण्यासारखं कापलं जातं, पात्याला धार कमी लागते, म्हणून नळाच्या तोट्या, मशीनचे छोटे भाग यांना ते वापरतात. पण तेच गंधक पोलादातल्या मँगनीजशी जोडी जमवून बारीक कण बनवतं, आणि गज लांबवताना ते कण धाग्यांसारखे ताणले जातात. कोरड्या हवेत त्यांचं काही वाकडं होत नाही. आमच्या औरंगाबादच्या हवेत तर तो गज शंभर वर्षं चकाकेल. खाऱ्या पाण्यात मात्र मीठ नेमकं त्या कणाच्या कडेला शिरतं. तिथं सुईच्या टोकाएवढा खड्डा पडतो, आणि एकदा पडला की आतल्या आत खोल जात राहतो. वरून पिन झळझळीत दिसतो आणि आतून पोखरलेला असतो. हे मी पुस्तकात वाचलं होतं. माहीत असणं आणि डोळ्यासमोर दिसणं यात किती अंतर असतं ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

एके सकाळी चाचा जिना चढून वर आले. ते कधी वर यायचे नाहीत, गुडघे दुखायचे. हातात गजाची कापलेली चकती आणि मूठभर चुरा.

"बेटा, ये देख," त्यांनी चुरा माझ्या टेबलावर ओतला. "हरे रंग का माल है. हमेशा लंबी लंबी जिलेबी निकलती, हात काटती. आज भुसा निकल रा. इत्ता नरम कैसा?"

"पुरवठादारानं चांगला माल पाठवला असेल, चाचा."

"अच्छा माल मेरेकू तकलीफ देता, बेटा. आराम देनेवाला माल मैं पैचानता," ते हसले. मग हसू आवरून म्हणाले, "कागज पे तो हरा लिखा है. मैं कागज देखके रंग मारा. पर तू चेक कर. समंदर में जानेवाला है."

मी चकती घासली. गुलमंडीतल्या एका स्टुडिओवाल्याकडून आणलेल्या जुन्या फोटोकागदाचा तुकडा सौम्य ॲसिडमध्ये बुडवला आणि चकतीवर दाबून धरला. गंधक नसेल तर कागद पांढराच राहतो. मी मनात पाच आकडे मोजले आणि उचलला. कागद तपकिरी झाला होता, एकजीव, चहा सांडल्यासारखा. चाचांना गुडघ्यांमुळं थांबवेना, ते अर्ध्या जिन्यावर पोचले होते. खालून ओरडले, "क्या बोल्ता कागज?"

मी म्हटलं, "बघते, चाचा."

हे दोन शब्द मी का म्हटले ते मला नीट माहीत आहे, आणि आज ते स्पष्ट लिहायचं म्हणूनच बसले आहे. त्याच दिवशी सांगितलं असतं तर आठवडाभरात बनलेला सगळा माल परत तपासायला लागला असता. प्रत्येक ढिगातले पिन पेटीत. पेटी रात्रंदिवस. जोशीसाहेब स्वतः वर येऊन उभे राहिले असते, आणि कॅन दुपारीच अर्धा का होतो हे त्यांच्या ध्यानात आलं असतं. त्या आठवड्यात अण्णांचा एक खडा पडला होता. डॉक्टर म्हणाले होते, असंच पाणी चालू ठेवा. मी स्वतःला समजावलं की कागद काहीही म्हणो, शेवटी निकाल पेटीच देणार. ती पेटी, जी मीच दिवसातून निम्मा वेळ बंद ठेवत होते. तिसऱ्या दिवशी एका पिनावर फिकट पिवळा ठिपका दिसला, केसाच्या टोकाएवढा. मी बोटानं पुसला. गेला. धूळ असेल, असं मी मोठ्यानं म्हटलं, त्या रिकाम्या खोलीत, कुणाला ऐकवायचं होतं कोण जाणे. फोटोकागद वहीत चिकटवायचा नियम होता. मी तो पदराखाली घरी नेला आणि आईच्या चुलीत घातला. चाचांनी नंतर दोन दिवसांनी खालूनच हातानं विचारलं, ठीक? मी मान हलवली. माल गेला.

पाच-सहा महिन्यांनी ते लोक आले. होड्या बांधणारा तो कारखानदार आणि त्याच्यासोबत एक नाखवा, काळा, बुटका, पायात चप्पल नाही. नाखव्यानं गोणपाटाची पिशवी जोशीसाहेबांच्या टेबलावर उलटी केली. पिन पडले. एक मधोमध मोडलेला. बाहेरून अजून चमकत होता, आणि मोडलेल्या जागी आत काळी-तांबडी भोकं, उधई लागलेल्या लाकडासारखी. सुकाणू निसटलं, होडी वाहात गेली, तिघं माणसं एक रात्र आणि एक दिवस पाण्यात भरकटली, मग दुसऱ्या होडीनं ओढून आणली, हे त्यानं सांगितलं. आवाज चढवला नाही. "माझा भाऊ होता तिच्यात," एवढं म्हणाला, आणि मग मला म्हणाला, "बाय, पानी देशील जरा?" मी त्याला पाणी दिलं. कुठलं, ते मला आठवतं. बॅटरीचंच होतं. त्यानं एक घोट घेतला आणि म्हणाला, "याला चवच नाय."

जोशीसाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी चूक शोधायचं ठरवलं आणि सगळ्यांना शेडमध्ये उभं केलं. पेटीची वही आली. वही स्वच्छ. म्हणजे तपासलेले पिन चांगले होते आणि नंतर गज बदलले. म्हणजे रंग चुकला. रंग लावणारा एकच.

"साब, मैं कागज देखके मारा रंग," चाचा म्हणाले. "कागजच गलत होंगा. और माल नरम लगा तो मैं ऊपर जाके बताया. वंदना बेटा को. चकती दिया."

सगळे माझ्याकडं वळले. लेथ बंद होत्या. मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदा त्या शेडमध्ये सगळ्यांनी एकदम माझ्याकडं बघितलं.

"वंदनाताई, यांनी सांगितलं होतं तुम्हाला?"

मी म्हटलं, "मला आठवत नाही, साहेब."

नाही म्हटलं असतं तर ते निदान सरळ खोटं झालं असतं. चाचांना भांडता आलं असतं. आठवत नाही, यावर माणूस काय बोलणार? चाचांनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत राग असता तर मी कदाचित निभावून नेलं असतं. ते गोंधळलेले दिसत होते. ओठ हलले, काहीतरी आठवून बघत असल्यासारखे. मग त्यांनी कानातले कापसाचे बोळे काढले, खिशात ठेवले आणि म्हणाले, "हो सकता है साब. उमर हुई."

त्यांना काढून टाकलं. मी आणखी दीड वर्ष तिथं होते. पाणी नेणं मी त्याच दिवशी बंद केलं, आणि पेटी पुन्हा पूर्ण तास फसफसायला लागली. खाली चाचांच्या लेथवर दुसरा माणूस आला. मी डबा खायची, झाकण लावायची, खिडकीतून वाळलेली बाभूळ बघायची. पाऊस पडेपर्यंत घरी डाळ पुन्हा कच्ची राहू लागली. आईनं विचारलं, "कंपनीचं पाणी बंद झालं का?" मी म्हटलं, व्हय. अण्णा त्यानंतर वीस वर्षं जगले. त्यांना वाचवायला मी ते केलं असं मला म्हणता येत नाही. पाणी नेताना कदाचित मी तसं म्हणू शकले असते. पण शेडमध्ये आठवत नाही म्हणताना माझ्या मनात अण्णा नव्हते. तिथं फक्त मी होते.

मी पुढं एका कॉलेजात प्रयोगशाळेत लागले, आताही तिथंच आहे. लग्न झालं नाही. त्याचं कारण हे नाही, पण माझ्याजवळ कुणी यायला लागलं की मला वाटायचं, हा माणूस विचारील आणि मला सांगावं लागेल. गेल्या हिवाळ्यात भाचीच्या लग्नाला रत्नागिरीला गेले. तिथं धक्क्यावर मी पहिल्यांदा समुद्र बघितला. बाकीच्यांनी फोटो काढले. मी एका होडीच्या मागं उभी राहून सुकाणूकडं बघत राहिले. ते पिनाच्या आधारानं लाटेबरोबर डावी-उजवीकडं हलत होतं. पिन हाताच्या अंगठ्याएवढा. त्याच्यामागं एवढं मोठं पाणी. परत आल्यावर मी चाचांना शोधायला निघाले. अवघड नव्हतं. मी कधी शोधलंच नव्हतं.

ते किराडपुऱ्यात राहतात, मुलाच्या घराच्या पुढच्या खोलीत. ऐंशीच्या पुढं असतील. दाढी आता पांढरी, मेंदी सोडलेली. मी नाव सांगितलं तर म्हणाले, "कौन?" मी जवळ जाऊन मोठ्यानं सांगितलं. ते हसले, ओळखलं. बस म्हणाले. मी विचारलं, पुढं काय काम केलं? "कुछ नई. मशीन को हातच नई लगाया फिर," ते म्हणाले. "कैसा लगाता? रंग गलत मारा तो मारा, पर मेरेकू याद था मैं तेरेकू बोला. साफ याद था. तू ऊपर बैठी थी, टेबल पे भुसा डाला मैं. फिर तू बोली याद नई, तो मैं सोचा, मेरा दिमाग हल गया. जो नई हुआ वो मेरेकू दिखता. ऐसा आदमी लेथ पे खड़ा रहेगा तो किसी का हात काटेगा. बच्चों का स्कूल का रिक्षा चलाया दो साल, वो भी छोड़ दिया. सिग्नल हरा देखूँ तो लगता, सच्ची हरा है क्या?"

इतकी वर्षं मी त्यांची नोकरी माझ्या माथ्यावर घेऊन फिरत होते. ही गोष्ट मला माहीतच नव्हती. मी जिना, चकती, तपकिरी कागद, चूल, कॅन, पेटीचे तास, सगळं सांगितलं. मोठ्यानं सांगावं लागत होतं, त्यामुळं एकही वाक्य सौम्य करता आलं नाही. ते माझ्या ओठांकडं बघत होते. मी थांबले तेव्हा त्यांनी एकच विचारलं.

"मतलब मैं बोला था?"

"हो चाचा. तुम्ही सांगितलं होतं."

"भुसा डाला था?"

"टेबलावर. मूठभर."

त्यांनी मान वळवून आत हाक मारली, "सुनती क्या? इदर आ!" त्यांची बायको ओढणी सावरत दारात आली, हात पिठाचे. माझ्याकडं तिनं नीट बघितलं आणि ओळखलं असावं, कारण बस म्हणाली नाही. "ये बोल रई, मैं बोला था," चाचा म्हणाले. ती चौकटीला टेकली. "मैं तो पैले दिन से बोल रई थी," ती त्यांना म्हणाली, "मेरी बात पे कब भरोसा किया तुम?"

मग ती माझ्याकडं वळली.

"इनका लड़का ऊपर है," ती म्हणाली. "बहू है. पोते हैं. सब को मालूम है अब्बा को भूलने की बीमारी है. बुलाती मैं सबकू. तू फिर से बोल."

मी उभी राहिले. जिन्यावरून पावलं उतरायला लागली.